ज्युनियर की नॉव्हिस? एका लॅब्रॅडॉर मादीच्या एंट्रीचं प्रकरण

इंग्लंडमधल्या एका तीन दिवसांच्या चॅम्पियनशिप शोसाठी (कुत्र्यांना किताबाकडे नेणारा वरच्या पातळीचा शो) दीड वर्षाच्या पिवळ्या लॅब्रॅडॉर मादीची एंट्री भरायची होती. घरात तिला चिंगी म्हणतात. केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या नोंदी आणि शोचे नियम सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या, नोंदीतलं तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण इथे त्याचं काम नाही. मालक नवरा-बायको मूळचे सांगलीकडचे, आता दक्षिण इंग्लंडात स्थायिक. शोसाठी कुत्रं बाळगण्याची दोघांचीही पहिलीच वेळ. रिंगमध्ये चिंगीला घेऊन बायको उतरते. फॉर्म, पैसे आणि गाडी हे नवऱ्याचं खातं. मी शोमध्ये स्ट्युअर्डचं काम करते, म्हणजे क्लास (शोमधले स्पर्धेचे विभाग) पुकारायचे, नंबर तपासायचे, परीक्षकांनी लावलेल्या क्रमाने कार्डं हातात द्यायची. म्हणून फोन मला आला.

"ताई, शेड्यूल वाचलं. ही बऱ्याच क्लासमध्ये बसते. दुसऱ्या क्लासचे पैसे अगदीच किरकोळ आहेत. मग तीन-चार भरून टाकू ना?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला आठवडा लागला आणि त्यानंतरही आमचं पूर्ण एकमत झालं नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

पुण्या-मुंबईच्या शोला गेलेल्यांना पपी, ज्युनियर, ब्रेड इन इंडिया, ओपन ही क्लासची नावं ओळखीची असतील. ब्रिटनमध्ये हा जिना बराच उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या दोन प्रकारच्या आहेत. काही वयावर ठरतात: मायनर पपी सहा ते नऊ महिने, पपी सहा ते बारा, ज्युनियर सहा ते अठरा, यिअरलिंग बारा ते चोवीस, आणि व्हेटरन सात वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. बाकीच्या आजवरच्या कमाईवर ठरतात. नॉव्हिसमध्ये उतरायचं तर ओपन शो (चॅम्पियनशिपच्या खालच्या पातळीचे; ओपन क्लास वेगळा) आणि चॅम्पियनशिप शो मिळून तीन पहिले क्रमांक झालेले नसावेत. पपी क्लासमधले पहिले क्रमांक यात धरत नाहीत. ग्रॅज्युएटला चार आणि पोस्ट ग्रॅज्युएटला पाच पहिल्या क्रमांकांची मर्यादा आहे, पण ती फक्त चॅम्पियनशिप शोमधल्या ठरावीक वरच्या क्लासपुरती. लिमिटला सात, तेही लिमिट आणि ओपनमधलेच मोजायचे. ओपन सगळ्यांना खुला. तिथे मुरलेले चॅम्पियनही असतात आणि हौस असेल तर काल रिंगमध्ये आलेलं पिल्लूही.

ब्रिटनमधला पहिला नोंदलेला शो 1859 साली न्यूकॅसलला भरला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. केनेल क्लब आला 1873 मध्ये. आजचं नियमांचं पुस्तक म्हणजे त्यानंतरच्या दीडशे वर्षांत कुणी ना कुणी शोधलेल्या पळवाटा बुजवत गेल्याचा इतिहास आहे, असं माझं मत. वाचायला रटाळ, पण एंट्री भरणाऱ्याने ते वाचलंच पाहिजे. चिंगीच्या बाबतीत सगळं त्यातल्या दोन वाक्यांवर अडलं होतं.

पहिलं वाक्य वयाचं. चिंगीचा जन्म 10 फेब्रुवारीचा. शो शुक्रवारी 9 ऑगस्टला सुरू होणार होता आणि गनडॉग गटाचा (शिकारीत मदत करणाऱ्या जातींचा, लॅब्रॅडॉर त्यातच येतो) दिवस होता रविवार, 11 ऑगस्ट. म्हणजे ती परीक्षकांसमोर उभी राहील तेव्हा तिला अठरा महिने पूर्ण होऊन एक दिवस झालेला असेल. नवऱ्याने ज्युनियर त्यामुळेच खोडून टाकला होता. पण नियम वय मोजतो शोच्या पहिल्या दिवशी, आपल्या जातीच्या दिवशी नव्हे. शुक्रवारी तिला अठरा महिने पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. ती ज्युनियरमध्ये बसत होती. काठावर, पण बिनतक्रार.

दुसरं वाक्य जिंकलेल्या क्रमांकांचं. चिंगीच्या खात्यात पपी क्लासचे दोन पहिले क्रमांक होते; ते नॉव्हिससाठी धरायचे नाहीत. त्यानंतर वसंतातल्या एका ओपन शोला ज्युनियरमध्ये पहिली आली, दुसऱ्या एका ओपन शोला ग्रॅज्युएटमध्ये पहिली. हे दोन मोजायचे. आणि 22 जूनच्या शनिवारी आणखी एका ओपन शोला पुन्हा ज्युनियरमध्ये पहिली. झाले तीन, नॉव्हिस बंद. पण इथेही नियमात एक खाच आहे. एंट्रीच्या अखेरच्या तारखेआधीच्या सातव्या दिवसापर्यंत जिंकलेलं तेवढंच मोजतात. टपालाने एंट्री स्वीकारण्याची अखेरची तारीख 24 जून होती, सातवा दिवस 17 जून. 22 तारखेचं लाल कार्ड या हिशेबात येतच नव्हतं. (ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचं कार्ड लाल आणि दुसऱ्याचं निळं असतं. अमेरिकेत पहिल्याला निळी रिबन मिळते. तिथल्या शोचे फोटो पाहून इथले नवखे हमखास गोंधळतात.)

थोडक्यात, ज्युनियर आणि नॉव्हिस ही दोन्ही दारं चिंगीसाठी या एकाच शोपुरती उघडी होती. पुढच्या शोला दोन्ही बंद. यिअरलिंग मात्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हाताशी होता. ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट आणि ओपन तर कुठे पळून जात नव्हते.

ज्युनियरही चालतो हे कळल्यावर नवऱ्याचा बेत झाला ज्युनियर, नॉव्हिस आणि पोस्ट ग्रॅज्युएट असे तीन क्लास भरण्याचा. त्याची बाजू साधी होती. पेट्रोल, पार्किंग, पहिल्या एंट्रीचं शुल्क एवढा खर्च होणारच आहे, तर थोडे पैसे टाकून आणखी दोन संधी का घेऊ नयेत? शो भरवणाऱ्यांना हा विचार फार आवडतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्लासची फी उगाच कमी ठेवलेली नसते.

मी त्याला रिंगमध्ये काय घडतं ते समजावलं. परीक्षक ज्युनियरमधल्या प्रत्येक मादीला हात लावून बघतात, चालवून बघतात, क्रम लावतात. मग पुढच्या क्लासमध्ये त्यातलीच एखादी पुन्हा आली, तर स्ट्युअर्ड तिला बाजूला वेगळ्या ओळीत उभी करतात. ही झाली 'पाहिलेल्या' कुत्र्यांची ओळ. परीक्षक नव्या आलेल्यांना तपासतात आणि मग दोन्ही ओळी जुळवून क्रम लावतात. पाहिलेल्या दोघींचा आपसातला क्रम शक्यतो तोच राहतो, कारण तासाभरापूर्वी वर ठेवलेलीला आता खाली ठेवलं तर रिंगभोवती बसलेली मंडळी कॅटलॉगमध्ये लगेच खूण करतात. म्हणजे दुसरा क्लास ही ताजी, कोरी संधी नसते. ज्युनियरमध्ये चौथ्या जागेवर ठेवलेलं कुत्रं पोस्ट ग्रॅज्युएटमध्ये येऊन अचानक पहिलं होईल असं मी क्वचितच पाहिलं आहे. उलट, तिथे नव्याने आलेल्या तीन-चार वर्षांच्या भरलेल्या माद्या त्याला आणखी मागे ढकलतात.

अडचणीचं दुसरं कारण आहे चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे बोलीभाषेत सीसी. सगळे माद्यांचे क्लास संपले की त्या दिवशी एकदाही न हरलेल्या माद्या पुन्हा रिंगमध्ये बोलावतात आणि त्यांतून एकीला सीसी मिळतं. परीक्षकांना कुणीच त्या तोडीची वाटली नाही तर ते सीसी रोखूनही ठेवू शकतात. वेगवेगळ्या तीन परीक्षकांकडून तीन सीसी मिळाली, आणि त्यातलं निदान एक वयाचं वर्ष पूर्ण झाल्यावरचं असलं, की किताब मिळतो. लॅब्रॅडॉरसारख्या गनडॉगांना तेवढ्यावर 'शो चॅम्पियन' म्हणतात. नुसतं 'चॅम्पियन' व्हायचं तर शिकारीच्या कामाची पात्रताही सिद्ध करावी लागते. आणि इथल्या पद्धतीतली सगळ्यात कठोर गोष्ट अशी की आधीच चॅम्पियन झालेली कुत्री बहुधा ओपनमध्ये उतरून त्याच सीसीसाठी लढतात. म्हणून ब्रिटनमध्ये किताब मिळवणं एवढं अवघड. अमेरिकेत चॅम्पियन वेगळे उभे राहतात आणि नव्यांना आपसांत लढून गुण मिळवता येतात. इथे तशी सवलत नाही.

आता, ज्युनियर जिंकून नॉव्हिसमध्ये हरली तर मादी 'न हरलेली' राहत नाही. त्या किरकोळ पैशांत आपण स्वतःहून हरण्याची एक जादा जागा विकत घेतो. नवरा यावर हसला. "ताई, आमच्या चिंगीला सीसी? ते राहू द्या." खरं होतं. अठरा महिन्यांच्या लॅब्रॅडॉर मादीला सीसी मिळणं अशक्य नसलं तरी चिंगीसाठी ते त्या दिवशी स्वप्नच होतं. त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणला नाही. माझा खरा भर दुसरीकडे होता: कुणाशेजारी उभं राहिलं तर ती जशी आहे तशी दिसेल?

लॅब्रॅडॉर ही जात सावकाश भरते. अठराव्या महिन्यात पाय लांब, छाती अजून खाली उतरलेली नाही, डोकं मादीचं असलं तरी त्यात पोरपणा. दोन-अडीच वर्षांनंतर तीच मादी ओळखू येत नाही. पोस्ट ग्रॅज्युएट हा लॅब्रॅडॉरमध्ये बहुतेक ठिकाणी सगळ्यात गर्दीचा क्लास असतो आणि त्यात तीन-तीन, चार-चार वर्षांच्या माद्या अनुभवी हँडलरांच्या हातात असतात. तिथे चिंगी अपुरी दिसणार. यिअरलिंगमध्ये तेवीस महिन्यांच्या माद्या असतील. अठरा आणि तेवीसमधला फरक माणसांत सोळा आणि एकविसाचा असावा तसा डोळ्यांत भरतो. ज्युनियरमध्ये मात्र ती सगळ्यांत मोठी. बाकीच्या बारा-तेरा महिन्यांच्या, काही तर अजून पिल्लासारख्या उड्या मारणाऱ्या. वयाच्या वरच्या काठावर असणं हा त्या क्लासमधला सगळ्यात मोठा फायदा असतो आणि तो एकदाच मिळतो.

इथवर हिशेब सोपा होता. मग बायकोने एक गोष्ट सांगितली, जी नवऱ्याच्या वहीत कुठेच नव्हती.

"एप्रिलमध्ये हीटवर होती ना ती. आता घरभर केस पडायला लागतील बघा."

हीटनंतर, म्हणजे माजानंतर, साधारण तीन-चार महिन्यांनी मादीचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, झडतो. एप्रिलात तीन-चार महिने मिळवले की जुलैअखेर ते ऑगस्ट, म्हणजे नेमका शोचा आठवडा. लॅब्रॅडॉरमध्ये कोट हा दिखाव्याचा भाग नाही. आखूड, दाट, खाली पाण्याला न दाद देणारा मऊ थर, आणि बुडाशी जाड असलेली, चहूबाजूंनी केसांनी गुंडाळलेली पाणमांजराच्या शेपटीसारखी शेपटी, ही या जातीची ओळखच आहे. खालचा थर गेला की अंग सपाट दिसतं, शेपटी बारीक दिसते, मानेपासून खांद्याकडे उतरणारी रेषाही तुटक वाटते. जूनमध्ये लाल कार्ड घेणारी चिंगी ऑगस्टमध्ये वेगळीच दिसणार होती, आणि एंट्री तर सहा-सात आठवडे आधीच भरायची. म्हणजे आज दिसणाऱ्या कुत्रीची नाही, त्या दिवशी जी असेल तिची एंट्री भरायची.

म्हणून मी त्यांना परीक्षकांनी आधी लिहिलेल्या क्रिटिक शोधायला लावल्या. ब्रिटनमध्ये चॅम्पियनशिप शोच्या परीक्षकांनी प्रत्येक क्लासच्या पहिल्या दोन कुत्र्यांवर लेखी टिपण द्यायचं असतं. पूर्वी ही टिपणं 'अवर डॉग्ज' आणि 'डॉग वर्ल्ड' या साप्ताहिकांत शोधत बसावं लागे. 'डॉग वर्ल्ड' 2017 मध्ये बंद पडलं आणि आता बरीच टिपणं इंटरनेटवरच सापडतात. दहा-बारा टिपणं ओळीने वाचली की माणसाची आवड कळते. कुणाला चालीचं वेड असतं, कुणी डोक्याच्या ठेवणीवर परिच्छेद लिहितं. या शोच्या परीक्षक स्वतः लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या होत्या. त्यांच्या टिपणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: कोट आणि शेपटी. ज्या मादीचा कोट नाही तिचं कौतुक करतानाही त्या तेवढं नोंदवून ठेवत.

हे कळल्यावर आणखी एक पर्याय समोर आला, आणि तो मला काही काळ सगळ्यात शहाणपणाचा वाटत होता: एंट्रीच भरायची नाही. कोट येईपर्यंत घरी राहायचं. अनुभवी मंडळी हेच करतात. वर्षभर कुठे ना कुठे चॅम्पियनशिप शो असतोच, ब्लॅकपूल, विंडसर, लीड्स, बोर्नमथ, डार्लिंग्टन. एक चुकला म्हणून काही बिघडत नाही. ज्या परीक्षकांना कोट हवा त्यांच्यापुढे बिनकोटाचं कुत्रं नेणं म्हणजे त्यांचं मत विनाकारण कलुषित करून ठेवणं. दोन वर्षांनी त्या पुन्हा कुठे तरी परीक्षक म्हणून भेटणार असतात.

एंट्री भरावी या बाजूने जड ठरलं ते क्रफ्ट्स. चार्ल्स क्रफ्टने 1891 मध्ये लंडनला सुरू केलेला हा शो 1991 पासून बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरतो आणि तिथे कुणालाही सरळ एंट्री मिळत नाही. वर्षभरातल्या चॅम्पियनशिप शोमध्ये ठरावीक क्लासमध्ये वरचा क्रमांक मिळवून पात्र व्हावं लागतं. पात्रतेचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची यादी बघायची. त्या वर्षीच्या यादीनुसार ज्युनियर, यिअरलिंग, पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट, ओपन यांतले पहिले तीन क्रमांक चालणार होते. नॉव्हिस त्या यादीत नव्हता. या नवरा-बायकोंना क्रफ्ट्सला जायचंच होतं. सांगलीहून आई-वडील मार्चमध्ये येणार होते आणि त्यांना चिंगी रिंगमध्ये दाखवायची होती. हे कारण नियमांच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. पण एंट्री माणसं भरतात, आणि खरी कारणं बहुधा अशीच असतात.

आता नॉव्हिसचं काय? नवरा तो सोडायला तयार नव्हता. त्याने गेल्या काही वर्षांचे निकाल काढून दाखवले. या शोला मादींच्या नॉव्हिसमध्ये नेहमीच जेमतेम एंट्री असतात आणि त्यातल्याही काही गैरहजर राहतात. "चॅम्पियनशिप शोचं लाल कार्ड मिळेल ताई. पुन्हा कधी मिळणार आहे कुणास ठाऊक."

हा मुद्दा मी हलक्यात काढला नाही. नवख्या माणसाला टिकून राहायला असं एखादं कार्ड लागतं. पहिल्या वर्षात पाचातही न आल्यामुळे कुत्रं सोफ्यावर आणि शोची पट्टी कपाटात गेलेली घरं मी पाहिली आहेत. शिवाय हिशेबानेही नॉव्हिस महाग नव्हता. तिथला पहिला क्रमांक ग्रॅज्युएट किंवा पोस्ट ग्रॅज्युएटच्या मर्यादेत मोजला जात नाही. ज्युनियरचाही नाही. म्हणजे दोन्हींतल्या विजयाने वरची कुठलीच पायरी लवकर संपणार नव्हती. पोस्ट ग्रॅज्युएटमधला विजय मात्र मोजला गेला असता, म्हणून तो क्लास मी सरळ खोडायला सांगितला.

शेवटी निर्णय चिंगीच्या स्वभावाने दिला. इथे लॅब्रॅडॉरला हातांनी पाय लावून उभं करत नाहीत. ते स्वतःहून, सैल दोरीवर, शेपटी हलवत उभं राहावं अशी अपेक्षा असते. चिंगी रिंगक्राफ्टच्या, म्हणजे रिंगमध्ये उभं राहणं-चालणं शिकवणाऱ्या, साप्ताहिक वर्गात ते छान करायची, पहिली दहा मिनिटं. मग तिला कंटाळा यायचा आणि ती बसायची. बायकोने खिशातून चिकनचा तुकडा काढला की उभी राहायची, पण मागचे पाय आखडून. ज्युनियरची मोठी रांग, मग यिअरलिंग होईपर्यंत ऑगस्टच्या उन्हात थांबायचं, मग लगेच नॉव्हिस. दुसऱ्यांदा रिंगमध्ये येणारी चिंगी कशी दिसली असती हे आम्ही तिघेही जाणत होतो. आणि तिथे जिंकली असती तरी, ज्युनियरमध्ये आधीच हरली असेल तर ते लाल कार्ड पुढच्या फेरीत काहीच कामाचं नव्हतं. एकट्या ज्युनियरची एंट्री गेली. नवऱ्याने फॉर्म पाठवल्यावर मला मेसेज केला: "तुमच्या भरवशावर." मला तो मेसेज आवडला नाही, पण उत्तर दिलं नाही.

शोच्या दिवशी कोट अपेक्षेपेक्षाही जास्त गेला होता. पाठीवर हात फिरवला की बोटांना थेट अंग लागत होतं. क्लासमध्ये तेरा जणी उभ्या होत्या. परीक्षकांनी चिंगीच्या शेपटीवरून हात उलटा फिरवला, थांबल्या, आणि बायकोकडे बघून नुसत्या हसल्या. चालताना ती उत्तम चालली. चालीला कोट लागत नाही. पहिल्या छाननीत सहा ठेवल्या त्यात चिंगी होती. बसली एकदाच, तेही परीक्षकांची पाठ असताना. निकाल: तिसरी. पिवळं कार्ड आणि क्रफ्ट्सची पात्रता. पहिली आली ती तेरा महिन्यांची काळी मादी होती, पूर्ण कोटात, हीटवर अजून एकदाही न आलेली. वयाच्या काठावर असण्याचा जो फायदा मी गृहीत धरला होता, तो कोटाने पुरता खाऊन टाकला. या जातीत दीड वर्षाची मादी ही बऱ्याचदा पहिला मोठा कोट नुकताच टाकलेली मादी असते, त्यामुळे ज्युनियरच्या वरच्या काठाचं गणित नरांना जेवढं लागू पडतं तेवढं माद्यांना पडत नाही. नर वर्षभर बऱ्यापैकी एकसारखा दिसतो.

नॉव्हिस पुकारला तेव्हा आम्ही रिंगच्या कडेलाच होतो. आत तिघी आल्या. त्यांतली एक चालतच नव्हती, दुसरीचे मागचे पाय चालताना एकमेकांच्या फार जवळ पडत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. बोललं कुणीच नाही. तिसरी, जी जिंकली, ती बेताची पण नीटस मादी होती. चिंगी तिच्या वर गेली असती की खाली हे मी आजही सांगू शकणार नाही. कोट तिला होता.

सीसीच्या फेरीत नॉव्हिसची विजेतीही उभी राहिली, कारण ती त्या दिवशी हरलेली नव्हती. परीक्षकांनी तिच्यावर एक नजर टाकली आणि पुढे सरकल्या. सीसी लिमिटमधल्या मादीला गेलं, ओपनमधल्या शो चॅम्पियनला मागे टाकून. रिझर्व्ह सीसी, म्हणजे त्याखालोखालचा मान, मिळालं ज्युनियरच्या त्या काळ्या मादीला. नवऱ्याला हे कळल्यावर तो जरा खुलला. ज्या क्लासमध्ये आपण तिसरे आलो तो क्लास त्या दिवशीच्या माद्यांमधला एक ताकदीचा क्लास होता, हे त्याने घरी जाताना फोनवर दोन-तीन जणांना सांगितलं.

लेखी टिपण पहिल्या दोघींवरच येतं, त्यामुळे चिंगीबद्दल परीक्षकांनी काय विचार केला ते कागदावर नाही. क्लास संपल्यावर कार्ड देताना त्या बायकोला एवढंच म्हणाल्या की कोटात आल्यावर हिला पुन्हा दाखवा. हे त्या रोज दहा जणांना म्हणत असतील. पण बायकोने ते मनावर घेतलं आणि माझ्या मते बरोबर केलं. सप्टेंबरभर एकही एंट्री भरली नाही. ऑक्टोबरात खालचा थर परत यायला लागला. मग वर्षाअखेरच्या, छपराखालच्या एका चॅम्पियनशिप शोला फक्त यिअरलिंग भरला. तेव्हा ती बावीस महिन्यांची होणार होती, म्हणजे त्या क्लासच्या वरच्या काठाजवळ, आणि या वेळी कोटासकट.

नॉव्हिसबद्दल नवऱ्याचं आणि माझं मत अजूनही वेगळं आहे. त्याचं म्हणणं, एकच क्लास भरण्याचा माझा आग्रह मुरलेल्या लोकांसाठी ठीक, पहिलटकरांनी दोन भरावेत. माझं म्हणणं, दोन भरायचेच तर दुसऱ्या क्लासपर्यंत उभं राहू शकणारं कुत्रं हवं. चिंगी तशी नव्हती. तीन वर्षांची झाल्यावर असेलही.

सध्या चर्चा क्रफ्ट्सची आहे. मार्चमध्ये चिंगीला पंचवीस महिने होतील, म्हणजे यिअरलिंग काही आठवड्यांनी हुकणार. उरले पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट आणि ओपन. पोस्ट ग्रॅज्युएटमध्ये रांग लांब असेल आणि वाट बघावी लागेल. नवऱ्याला लिमिट हवा आहे, कारण तिथे उभं राहिलेलं फोटोत चांगलं दिसतं असं त्याचं मत. मी पोस्ट ग्रॅज्युएट म्हणते: तिथे वय जवळचं मिळेल आणि चॅम्पियनशिप शोमधला तिच्या खात्यातला एकही विजय अजून त्या मर्यादेत मोजलेला नाही. बायको यातलं काहीच म्हणत नाही. डायरीत तिने एप्रिलनंतरची पुढची हीट ऑक्टोबरात नोंदवली आहे, तीन आठवडे चाललेली, आणि तिथून बोटांनी महिने मोजत ती फेब्रुवारीवर येऊन थांबली आहे.